वेळ ठरली, पण बॅकअप निघाला का? स्वयंचलित बॅकअपची पार्श्वभूमी

मध्यरात्रीनंतर डेटाबेसचा बॅकअप आपोआप निघावा म्हणून आजही अनेक सर्व्हरवर क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉन या प्रोग्रामच्या वेळापत्रकात, एकच ओळ लिहिलेली असते: मिनिट, तास, तारीख, महिना, वार आणि शेवटी कमांड. ही मांडणी १९७९ साली आलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीपासूनची. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन पुढे लिनक्सवर रुळला. लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचे टायमर नंतर आले. सर्व्हर बंद असताना हुकलेले काम सुरू झाल्यावर उरकण्याची सोय त्यांत आहे. साधा क्रॉन ती वेळ सोडून देतो.

वेळेचा प्रश्न असा लवकर सुटला. खरी अडचण होती चालू डेटाबेसची. त्याच्या फाइल नुसत्या कॉपी केल्या, तर काही भाग जुना आणि काही नवा, अशी निरुपयोगी प्रत हाती येते. त्यावरचा जुना उपाय म्हणजे डेटाबेस बंद करून प्रत घेणे. पुढे पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालींची पीजी-डंप आणि मायएसक्यूएल-डंप अशी साधने ठरावीक क्षणाचे सुसंगत चित्र वाचू लागली आणि वापर चालू असतानाच डंप, म्हणजे डेटा बाहेर काढून लिहिलेली प्रत, निघू लागला. (मायएसक्यूएलमध्ये हे इनोडीबी या साठवण पद्धतीच्या टेबलांपुरतेच, तेही सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय दिला तरच.) तरी रोज एकदाच डंप घेतला, तर जवळपास २४ तासांचे काम बुडू शकते. २००५ मध्ये पोस्टग्रेस ८.० ने बदलांच्या लॉगचे (नोंदींचे) संग्रहण आणून डेटाबेस हव्या त्या क्षणापर्यंत परत नेण्याची वाट उघडली.

मला मात्र या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती अपयशाची शांतता. क्रॉन कमांडचे आउटपुट मेलने पाठवतो. ती पेटी कोणी उघडत नसेल, तर चूक तिथेच पडून राहते. डंप पाइपमधून (एका कमांडचे आउटपुट थेट दुसरीला देऊन) फाइल लहान करणाऱ्या जीझिपकडे दिला, तर कमांड चालवणारे शेल शेवटच्या कमांडचाच निकाल धरते. डंप फसला तरी जीझिप यशस्वी! फाइल तयार होते, नावात तारीखही असते. आधीची कमांड फसली तरी अपयश धरणारा शेलचा पाइपफेल हा पर्याय लावला नाही, तर स्क्रिप्टला काहीच कळत नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली, तेव्हा हेच उघड झाले. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, पण बॅकअपसाठी ९.२ चे पीजी-डंप चालत होते, म्हणून ते दर वेळी फसत होते. चुकीची सूचना देणारे ईमेलही डिजिटल स्वाक्षरीअभावी नाकारले जात होते. शेवटी उपयोगी पडला तो सुमारे सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत. कंपनीने हे सारे तपशीलवार जाहीर केले, याबद्दल मला आदर आहे.

२०२० मध्ये पोस्टग्रेस १३ सोबत बॅकअपच्या फाइल यादीशी ताडून पाहणारे साधन आले. मात्र त्या फाइलींतून डेटाबेस खरोखर उभा राहतो का, हे दुसऱ्या सर्व्हरवर रीस्टोअर करूनच कळते. ते कामही वेळापत्रकात घालता येते.