हँडहेल्डच्या कीज रिमॅप करायचं हे प्रकरण आलं कुठून

गोडाऊनमधे वापरतात ते रग्ड हँडहेल्ड, म्हणजे बारकोड वाचणारं हातातलं दणकट मशीन, जवळून बघितलंत तर एकेका कीवर दोन-तीन रंगांत काहीबाही छापलेलं दिसतं, मधे पांढरा आकडा, एका कोपऱ्यात केशरी एफ काहीतरी, दुसऱ्या कोपऱ्यात निळं अक्षर. आणि एवढं सगळं छापलेलं असूनही मशीन ज्याच्या हातात पडतं तो थोड्याच दिवसांत आयटीवाल्याकडे येतो आणि विचारतो, ही की बदलून मिळेल का, म्हणजे दाबल्यावर दुसरंच काम करेल अशी रिमॅप करून. नवीन माणसाला वाटतं हे अँड्रॉइडचं काहीतरी नखरेल फीचर असणार. तसं नाहीये. की दाबल्यावर काय व्हायचं हे कुणी ठरवायचं, हा वाद हँडहेल्डइतकाच जुना आहे, आणि दर पिढीत तो निर्णय एका नव्या जागी जाऊन बसला, पण जुनी जागा कुणी रिकामी केलीच नाही. आजचा सगळा घोळ त्यातूनच आलाय.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी २६ जून १९७४ ला सुपरमार्केटच्या काउंटरवर पहिला यूपीसी (दुकानातल्या मालावर छापतात तो) बारकोड स्कॅन झाला, पण दुकानांत मागच्या बाजूला स्टॉक मोजायला, ऑर्डर लिहून घ्यायला हातातली टर्मिनल्स त्या सुमारास येतच होती. एमएसआय, टेलक्सॉन, नोरँड ही ती बनवणाऱ्या कंपन्यांची त्या काळातली नावं. आत एकच प्रोग्राम, त्या प्रोग्रामला लागतील तेवढ्याच कीज, आणि कुठल्या कीने काय करायचं ते त्या प्रोग्राममधेच पक्कं. फेडेक्सने १९८६ ला कुरिअरवाल्यांच्या हातात सुपरट्रॅकर दिला तोही याच जातीचा, एका कामासाठी बनवलेलं यंत्र. इथे रिमॅप करणार तरी कशाचं.

खरी भानगड सुरू झाली ती रेडिओ आल्यावर. म्हणजे हँडहेल्ड दिवसभर डेटा साठवून संध्याकाळी ओतायच्याऐवजी थेट मोठ्या कंप्युटरशी बोलायला लागलं तेव्हा. मोठ्या कंप्युटरवरचं सॉफ्टवेअर आधीच लिहिलेलं होतं, ते टेबलावरच्या टर्मिनलसाठी होतं, आणि हँडहेल्डसाठी ते परत लिहायला कुणीच तयार नव्हतं (कोण पैसे देणार?). मग उपाय काय, तर हँडहेल्डनेच टर्मिनल असल्याचं सोंग घ्यायचं. यालाच टर्मिनल इम्युलेशन म्हणतात, बोलताना सगळे नुसतं टीई म्हणतात.

आता ती टर्मिनल्स कसली होती ते बघा. आयबीएमचं ३२७० हे १९७१ चं. त्यात आधी १२ पीएफ कीज (प्रोग्राम ज्यांना आपापलं काम देतो त्या फंक्शन कीज) होत्या, पुढच्या मॉडेल्समधे २४ झाल्या, वर पीए१, पीए२, पीए३, क्लिअर, रिसेट या वेगळ्याच. ते चालायचं असं की स्क्रीनवरचे रकाने तुम्ही शांतपणे भरायचे, होस्टला, म्हणजे त्या मोठ्या कंप्युटरला, काही कळत नाही, आणि एंटर किंवा एखादी पीएफ की दाबली की भरलेलं सगळं एकदम जाणार आणि सोबत कुठली की दाबली तेही जाणार. म्हणजे पीएफ३ आणि पीएफ१२ ही तिथे शॉर्टकट नव्हती, प्रोग्राम पुढे कुठे जाणार ते त्या कीवरच ठरायचं.

मग आयबीएमचंच ५२५०, १९७७ ला सिस्टम/३४ सोबत आलेलं आणि पुढे १९८८ नंतर एएस/४०० मुळे जगभर पसरलेलं. यात फील्ड एक्झिट नावाची एक की आहे आणि ती अजून लोकांना छळते. कर्सरपासून पुढचं जे काही रकान्यात उरलंय ते पुसायचं आणि पुढच्या रकान्यात जायचं, हे तिचं काम. एंटर वेगळी, फील्ड एक्झिट वेगळी. काही रकाने असे बांधलेले असतात की फील्ड एक्झिट दिल्याशिवाय कर्सर हलतच नाही. ५२५० च्या कीबोर्डवर तर आपण जिला एंटर म्हणतो ती मोठी की फील्ड एक्झिटचं काम करायची आणि खरी एंटर असायची उजव्या कंट्रोलच्या जागी. आता हे सगळं हातात मावणाऱ्या कीपॅडवर बसवा.

तिसरे डेक या कंप्युटर कंपनीवाले. व्हीटी१०० १९७८ चं, व्हीटी२२० १९८३ चं. इथे प्रत्येक की लगेच होस्टकडे जाते, काही कॅरेक्टर्सची माळ बनून, जिला एस्केप सीक्वेन्स म्हणतात. व्हीटी१०० वर पीएफ१ ते पीएफ४ होत्या. व्हीटी२२० वर वरची रांग एफ२० पर्यंत गेली पण पहिल्या पाच टर्मिनलच्या स्वतःच्या कामाला, होल्ड स्क्रीन, प्रिंट स्क्रीन असल्या, त्या होस्टला काही पाठवतच नाहीत. आणि पुढच्या काळातले बरेच इम्युलेटर एफ१ दाबलं की जुन्या पीएफ१ चा सीक्वेन्स पाठवतात. त्यामुळे कीपॅडवर छापलंय एफ१, ऑपरेटर दाबतोय एफ१, आणि होस्टला काय पोचतंय हे त्या सॉफ्टवेअरमधलं टेबल उघडून बघितल्याशिवाय कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. 'एफ१ चालत नाही' अशी तक्रार आली की पहिला प्रश्न 'कुठलं एफ१' हाच असतो, आणि तो चेष्टेत विचारलेला नसतो.

तर या तिन्ही घराण्यांना पुरून उरायचं म्हणून कीपॅडवर रंग आले. केशरी की दाबून मग दुसरी की दाबा, निळी दाबून मग दुसरी दाबा, असं. सिम्बॉल या हँडहेल्ड बनवणाऱ्या कंपनीच्या एमसी९००० मालिकेत २८, ४३ आणि ५३ कीजचे कीपॅड मिळायचे, आणि ५३ वाल्यात परत ३२७०, ५२५० आणि व्हीटीसाठी वेगवेगळी छपाई केलेले प्रकार. म्हणजे मॅपिंग चक्क प्लास्टिकवर छापून विकलं जात होतं.

इथेच ऑपरेटरचं घोडं अडलं. समजा ऑर्डरची प्रत्येक लाइन कन्फर्म करायला एफ१० लागते आणि ती केशरीमागे लपलीये, तर शिफ्टभर प्रत्येक लाइनला एकाऐवजी दोन दाब, तेही कोल्ड स्टोरेजमधले जाड हातमोजे घालून, एका हातात खोकं धरून. वरून कुठल्याशा मोडमधे केशरी की लॉक झाली की पुढचा आकडा आकडा राहतच नाही, काहीतरी भलतंच होतं. शिवाय शेजारी एखादी मोठी चांगली की रिकामटेकडी बसलेली असते जिचा त्या कामात काही उपयोग नाही. मग एफ१० त्या कीवर आणून ठेवा, ही मागणी यायचीच. टीई क्लायंट विकणाऱ्यांनी, वेव्हलिंक वगैरेंनी, ते आपल्या सॉफ्टवेअरमधेच करून दिलं, प्रत्येक होस्ट प्रोफाइलचा स्वतःचा की मॅप. माझ्या मते आजवरची सगळ्यात शहाणी जागा हीच होती, कारण मॅप त्या एका ॲप्लिकेशनपुरता राहतो, त्यातून बाहेर पडलात की मशीन परत नॉर्मल.

पण मधेच विंडोज सीई, म्हणजे छोट्या मशिन्ससाठीचं विंडोज, आलं, नोव्हेंबर १९९६ ला, आणि काही वर्षांत जवळपास सगळी हँडहेल्ड्स त्याच्या किंवा विंडोज मोबाइलच्या कुठल्यातरी आवृत्तीवर गेली. आता टीई हे मशीनवरच्या अनेक प्रोग्राम्सपैकी एक झालं, ब्राउजर आला, कंपन्यांची स्वतःची ॲप्स आली, आणि लोकांना मॅपिंग सगळीकडे चालणारं हवं झालं. ते गेलं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सगळी सेटिंग्ज ठेवतं तिथे. काही उत्पादकांनी वर नीट टूल दिलं, काहींनी नुसता कागद दिला की अमक्या ठिकाणी तमका आकडा टाका. आणि यात जुन्या मशिन्सवर मेख अशी की रजिस्ट्री रॅममधे. बॅटरी पूर्ण संपली किंवा कोल्ड बूट झाला (मशीन पार कोरं होऊन परत सुरू झालं) की रिमॅप साफ, मशीन फॅक्टरीतून आल्यासारखं कोरं. सिम्बॉलच्या सीई मशिन्सवर म्हणून ॲप्लिकेशन नावाच्या फ्लॅश फोल्डरमधे रजिस्ट्रीची फाइल टाकून ठेवायची पद्धत होती, बूट होताना ती परत वाचली जायची. विंडोज मोबाइल ५.० ने २००५ ला स्टोरेज टिकाऊ केलं तेव्हा ही कटकट बरीच कमी झाली.

दरम्यान कंपन्या एकमेकींना गिळत होत्या. सिम्बॉलने १९८८ ला एमएसआय आणि २००० ला टेलक्सॉन घेतली, जानेवारी २००७ मधे सिम्बॉलच मोटोरोलाकडे गेली, २०१२ ला सायऑन त्यात आली, आणि ऑक्टोबर २०१४ मधे तो सगळा धंदा झेब्राने घेतला. दुसरीकडे हनीवेलने हँड हेल्ड प्रॉडक्ट्स, एलएक्सई, इंटरमेक अशा एकामागून एक घेतल्या. त्यामुळे एकाच ब्रँडच्या पाटीखाली वेगवेगळ्या घराण्यांची मशिन्स आणि रिमॅपच्या वेगवेगळ्या पद्धती नांदत राहिल्या.

मग अँड्रॉइड. इथे खाली लिनक्स आहे, तो प्रत्येक कीला एक स्कॅनकोड देतो, आणि कीलेआउट नावाच्या फोल्डरमधल्या साध्या टेक्स्ट फाइलमधे ओळीओळीने लिहिलेलं असतं की अमका स्कॅनकोड म्हणजे अँड्रॉइडची अमकी की. ११५ म्हणजे व्हॉल्यूम अप, ११४ म्हणजे व्हॉल्यूम डाउन. इतकं सोपं की नोटपॅडमधे बदलता येईल, फक्त ती फाइल सिस्टम पार्टिशनमधे असते आणि तिथे लिहायला रूट, म्हणजे मशीनवरचा सर्वाधिकार, लागतं. अँड्रॉइड ७ पासून तर व्हेरिफाइड बूट कडक झालं, सिस्टममधे हात घातलाय हे बूट होतानाच पकडलं जातं. कामाच्या मशीनला रूट करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. प्ले स्टोअरवरची रिमॅपर ॲप्स ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिसमधून (मूळची अपंगांसाठीची सोय) कीज अडवतात, अँड्रॉइड ४.३ पासून ती सोय आहे, घरच्या फोनला ठीक, पण शेकडो मशिन्सवर ती परवानगी कुणीतरी बंद करणारच.

म्हणून उत्पादकांनी आपापली वाट काढली. झेब्राच्या एमएक्समधे (अँड्रॉइडवर चढवलेला त्यांचा स्वतःचा सेटिंग्जचा थर) की मॅपिंग मॅनेजर आला, त्यात बेस, निळा, केशरी असे टेबल वेगवेगळे, आणि कीला नुसती दुसरी कीच नाही तर ॲप उघडणं, इंटेंट (दुसऱ्या ॲपला निरोप) पाठवणं किंवा काहीच न करणं हेही देता येतं. ते झेब्राच्या स्टेजनाउ टूलने बनवलेला बारकोड स्कॅन करून टाकता येतं, किंवा एमडीएममधून (सगळी मशिन्स लांबून सांभाळणारं सॉफ्टवेअर) ढकलता येतं, म्हणजे मशीन हातात न घेता. हनीवेल, डेटालॉजिक यांनीही आपापलं दिलं. मागण्याही बदलल्यात. टच स्क्रीनवाल्या मशीनला कीज उरल्यात मोजक्या, दोन बाजूंचे ट्रिगर, व्हॉल्यूम, एखादी जादा. डाव्या बाजूच्या ट्रिगरला पुश टू टॉक (वॉकीटॉकीसारखं दाबून बोलायचं) करा, व्हॉल्यूम डाउन बंद करा म्हणजे बीप कुणी म्यूट करणार नाही, अशा. काही मॉडेल्सवर तर ते ट्रिगर अँड्रॉइडला गेमपॅडचे एल१, आर१ म्हणून दिसतात.

पण जुना टीई क्लायंट अजून आहेच, त्याचा की मॅप आहेच, उत्पादकाचा थर आहे, खाली कीलेआउट आहे. एफ१० उत्पादकाच्या थरात हलवलेली आणि टीईमधेही हलवलेली असेल तर नवा माणूस दिवसभर डोकं धरून बसतो. त्यात स्कॅनर. वेज नावाचं सॉफ्टवेअर बारकोडचा डेटा कीस्ट्रोक बनवून पाठवतं आणि शेवटी एंटर जोडतं, पण तो एंटर कीपॅडमधून आलेलाच नसतो, खालच्या थरांना वळसा घालून तो थेट वर टपकतो. म्हणून खालच्या थरात एंटरची फील्ड एक्झिट केली तर बोटाने दाबलेली एंटर बदलते, स्कॅनसोबत आलेली बदलत नाही, आणि ५२५० च्या स्क्रीनवर टाइप केलेला नंबर नीट पुढे जातो पण स्कॅन केलेला तोच नंबर अडकून बसतो. तो एंटर बदलायचा तर वेजच्या सेटिंगमधे किंवा टीईच्या मॅपमधेच बदलावा लागतो.