विंच घसरणे : निदान व दुरुस्ती

विंच घसरणे : ट्रकवर बसवलेल्या विंचमधला, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून भार ओढणाऱ्या यंत्रातला बिघाड. यात मोटर किंवा पीटीओ (ट्रकच्या इंजिनाची शक्ती विंचला देणारी जोडणी) फिरत असूनही भार ओढला जात नाही, किंवा ओढून थांबवलेला भार आपोआप मागे सरकतो. तक्रार एकच असली, ‘विंच स्लिप मारते’, तरी कारण दोर, क्लच, शिअर पिन (जादा भार आल्यास मुद्दाम तुटणारी पिन), गिअर, ब्रेक किंवा हायड्रॉलिक दाब यांपैकी कुठेही असू शकते. घसरण दिसली की ब्रेक आवळायचा, ही सवय महागात पडते. दोष दोराचा असेल तर आवळलेला ब्रेक फक्त तापतो.

निदान. वर्म गिअरच्या, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने (वर्मने) दातेरी चाक फिरवणाऱ्या विंचमध्ये शक्ती पीटीओकडून जोडदांड्यावर, तिथून शिअर पिनमार्गे वर्मवर, पुढे वर्म चाक, ड्रमचा शाफ्ट, डॉग क्लच (दात एकमेकांत अडकवून जोडणारा क्लच), ड्रम आणि शेवटी दोर अशी पोचते. गती या साखळीत कुठे तुटते ते पाहण्यासाठी खडूचा तुकडा पुरतो. भार उतरवून, चाकांना ओट लावून आणि इंजिन बंद करून कपलिंग (जोडदांडा व वर्म जोडणारा भाग) व वर्म शाफ्टवर मिळून एक सरळ रेघ ओढावी. तशीच रेघ ड्रमच्या शाफ्टवर आणि ड्रमच्या कडेवर ओढावी. मग सगळ्यांना दोराच्या रेषेतून बाजूला करून बेताचा भार द्यावा. कपलिंग फिरते पण वर्म थांबलेला आहे, तर शिअर पिन तुटली. वर्म फिरतो पण शाफ्ट स्थिर, तर वर्म चाकाची चावी (चाक शाफ्टला पक्के धरणारा तुकडा) किंवा दात गेले. दात गेले असतील तर तेलात पितळी रंगाचा चुरा सापडतो. शाफ्ट फिरतो, ड्रम जागेवर आणि कटकट आवाज येतो, तर क्लच दात सोडतो आहे. ड्रम फिरतो पण दोर आत येत नाही, तर दोरच घसरतो. सगळे थांबवल्यावर ड्रम वर्मसकट उलटा फिरू लागला, तर ब्रेक धरत नाही.

दोर. ड्रमवरचा स्क्रू किंवा पाचर भार पेलण्यासाठी नसते. भार पेलतात ते ड्रमला घट्ट बसलेले वेढे. म्हणून दोर पूर्ण सोडला तरी तारदोराचे निदान ५ आणि सिंथेटिक दोराचे ८ ते १० वेढे ड्रमवर उरले पाहिजेत. गुळगुळीत ड्रमवर सिंथेटिक दोर सहज सरकतो. दोर ढिला गुंडाळलेला असेल तर वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसतो आणि धक्का बसतो, त्यालाही लोक स्लिप समजतात. उपाय स्वस्त आहे : दोर पूर्ण उलगडावा, ड्रमवरचे तेल-ग्रीस पुसावे आणि नियत ओढीच्या (विंचसाठी ठरवून दिलेल्या कमाल ओढीच्या) सुमारे दहाव्या हिश्शाएवढा ताण ठेवून वेढ्याला वेढा लावत पुन्हा भरावा.

विंचची नियत ओढ पहिल्या थरावरची असते, हे बरेचदा विसरले जाते. ड्रमचा व्यास २०० मिमी आणि दोर १६ मिमी धरला, तर पहिल्या थराची त्रिज्या १०८ मिमी, चौथ्याची सुमारे १५६ मिमी. म्हणजे १० टनांची विंच चौथ्या थरावर जेमतेम ६.९ टन ओढते, आणि तोच भार ब्रेकवर जवळजवळ दीडपट पीळ टाकतो. अशा वेळी बिघाड नसतोच. दोर जास्त सोडावा किंवा भारापाशी पुली लावून दोर दुहेरी करावा.

क्लच व पिन. डॉग क्लचच्या दातांचे कोपरे गोल झाले की भाराखाली ते एकमेकांना बाहेर ढकलतात. वेल्डिंगने भरलेले दात फार टिकत नाहीत. दोन्ही भाग जोडीनेच बदलावेत. त्याआधी लिव्हरची दांडी आणि क्लच सरकवणारा फोर्क मात्र जरूर तपासावेत. लिव्हर खाचेत बसूनही दात अर्धेच गुंतत असतील तर दांडीची लांबी चुकली आहे. तुटलेल्या शिअर पिनच्या जागी कडक बोल्ट घातला तर पुढच्या वेळी वर्म किंवा शाफ्ट तुटतो.

वर्म विंचचा ब्रेक. वर्म गिअर स्वतःहून भार अडवतो, हा समज अर्धाच खरा आहे. कंपनाने तो उलटा फिरू शकतो. म्हणूनच वर्म शाफ्टवर दोर सोडण्याच्या दिशेनेच पकडणारा पट्टा-ब्रेक असतो. त्याचे लायनर (पट्ट्याच्या आतले घर्षणाचे अस्तर) काचेसारखे चकचकीत झाले किंवा तेलाने भिजले की पकड जाते. तेल बहुधा शाफ्टच्या सीलमधून येते, तेव्हा आधी सील बदलावे, मगच लायनर. भिजलेले लायनर घासून वापरू नये. तापले की मुरलेले तेल पुन्हा वर येते. नंतर ताण देणारा स्क्रू एकेक पाव फेरा आवळत, दर वेळी भार धरून पाहावा.

हायड्रॉलिक प्लॅनेटरी विंच. ही विंच तेलाच्या दाबाने चालते आणि तिचे छोटे गिअर मधल्या गिअरभोवती फिरतात. भार ओढलाच जात नसेल तर गेज लावून तेलाचा दाब पाहावा. दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत चढत नसेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप), पंप किंवा झिजलेली मोटर तपासावी. भार मागे येत असेल तर ब्रेककडे जावे. या विंचमधला अनेक प्लेटींचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. त्यामुळे लिव्हर मध्यावर असताना ब्रेकच्या नळीत दाब जवळजवळ शून्य हवा. तो उरत असेल तर तुंबलेला रिटर्न फिल्टर किंवा चुकीचा स्पूल (व्हॉल्व्हमध्ये सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा) कारणीभूत असतो. प्लेटी बदलून काही साधत नाही. दाब शून्य असूनही घसरण होत असेल तर प्लेटी, स्प्रिंग आणि स्प्रॅग क्लच (एकाच दिशेने फिरू देणारा क्लच) तपासावेत. घर्षण कमी करणारे पदार्थ घातलेले चुकीचे तेलही इथे नडते. ब्रेकचे झाकण स्प्रिंगच्या ताणाखाली असते. बोल्ट समोरासमोरचे घेत थोडेथोडे सोडावेत. स्प्रिंग पूर्ण संच बदलावेत आणि नव्या घर्षण-प्लेटी बसवण्यापूर्वी विंचसाठी ठरलेल्या तेलात भिजवाव्यात.

इलेक्ट्रिक विंचमध्ये ब्रेक अनेकदा ड्रमच्या आतच असतो. भार मोटरच्या जोरावर लांबवर सोडत गेल्यास ब्रेक तापतो आणि पकड सोडतो. भार टप्प्याटप्प्याने थांबत सोडावा.

चाचणी. आधी रिकामी विंच दोन्ही दिशांना फिरवावी. मग नियत भाराच्या पाव, अर्ध्या आणि पूर्ण मात्रेने ओढून, प्रत्येक वेळी थांबवून खडूची रेघ पाहावी. नवे लायनर पहिल्या काही ओढींत बसते, तेवढ्याने पट्टा सैल होतो. तेव्हा पुन्हा पाव फेरा आवळावा लागतो.