भाजल्यानंतरचा तंत्रिकाविकार

भाजल्यामुळे, किंवा त्यावरील उपचारांच्या काळात, हातापायांच्या तंत्रिकांना (मज्जातंतूंना) होणारी इजा. बोलीत ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनी आणि तंत्रिका या दोहोंना चालतो. म्हणून ‘नस जळली’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा मुंग्या, बधिरपणा, आग की पकडीतला अशक्तपणा, हे विचारून घ्यावे लागते. नुसत्या त्वचेतील तंत्रिकाग्रे जळून आलेला बधिरपणा येथे सहसा धरत नाहीत.

एकाच तंत्रिकेच्या इजेची कारणे बहुधा स्पष्ट असतात : हाताभोवती कडक झालेल्या जळक्या त्वचेचा फास, आवळ बँडेज, कोपराशी नव्याने धरणारे हाड. पाय बाहेर वळून दिवसेंदिवस पडून राहिल्यास गुडघ्याखाली पेरोनियल तंत्रिका (पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची तंत्रिका) दबते व पाऊल लोंबते. ही इजा टाळता येण्याजोगी आहे.

दोन्ही बाजूंना सारख्या पसरणाऱ्या प्रकाराचे कारण मात्र वादग्रस्त आहे. जळालेल्या ऊतींतील विषद्रव्ये, काही प्रतिजैविके आणि जंतुदोषातून सर्वांगात उसळणारा दाह अशी तीन मते आहेत. १९८४ मध्ये कॅनडात चार्ल्स बोल्टन व सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातील, मुळीच न भाजलेल्या रुग्णांतही असाच विकार वर्णिला. त्यामुळे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते, तरी एका रुग्णात एकाहून अधिक कारणे असू शकतात.

मुंबईत विजेच्या इजेचा विचार वेगळा करावा लागतो. लोकलच्या ओव्हरहेड वायरचा दाब पूर्वी १,५०० व्होल्ट होता. २०१६ पर्यंत उपनगरी जाळ्यावर तो टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट झाला. वैद्यकात १,००० व्होल्टच्या वरचा दाब उच्च मानतात. टपावर चढलेल्याला तारेला हात न लावताही झटका बसू शकतो. मनगट अरुंद असल्याने तेथे उष्णता एकवटते आणि पंजाकडे जाणाऱ्या मीडियन व अल्नर या दोन तंत्रिका होरपळतात. वरची जखम लहान दिसते, लक्षणे कधी महिन्यांनी उमटतात. भायखळ्याचे मसिना रुग्णालय व ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर येथे भाजलेल्यांवर विशेष उपचार होतात.

स्नायूंची सुईने केलेली विद्युत् तपासणी इजेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी उपयोगी पडते. तंत्रिका दिवसाला साधारण १ मिमी. वाढते, कोपरापासून बोटांपर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो. तोवर बोटे आखडू नयेत म्हणून स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरणारा आधार) व व्यायाम चालू ठेवतात. बधिर हाताने चहाचा पेला वा तवा धरताना चटका कळत नाही आणि तोच हात पुन्हा भाजतो.