कॉपीराइटच्या खटल्यांसाठी सरकारी वकील व्हायचंय? ठाण्यात अर्ज कुठे, कसा आणि कोणत्या कागदांसह

‘कॉपीराइटचा सरकारी वकील’ अशी पाटी ठाण्याच्या कोर्टात कुठल्याच दारावर नाही. तरी कोर्ट नाक्यावर चहा घेताना एखादा ज्युनियर विचारतोच, "सर, याचा फॉर्म कुठे मिळतो?" फॉर्म असतो तो सरकारी वकील होण्याचा. कॉपीराइटची फाइल त्यानंतर टेबलावर येते, आणि ती कोणत्या टेबलावर येणार हे आधी समजलं तर अर्ज कुठे करायचा ते आपोआप कळतं.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली कॉपीराइटच्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड आहे. हा खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. म्हणजे रोजचं काम एपीपीचं, कागदोपत्री सहायक सरकारी अभियोक्ता, गट-अ यांचं. ही भरती एमपीएससी करते आणि नेमणूक गृह विभागाच्या अभियोग संचालनालयात होते. विधी पदवी, सनद (वकिलीचा परवाना), प्रत्यक्ष वकिलीचा अनुभव आणि मराठी, एवढी तयारी ठेवून जाहिरातीची वाट बघायची. वय आणि अनुभव जाहिरातीत दिलेल्या तारखेलाच मोजतात. एक दिवस कमी पडला तरी अर्ज बाद.

जामिनाचा अर्ज मात्र सत्र न्यायालयातही येतो. २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र ठरवल्यापासून हे अर्ज जास्त गांभीर्याने लढवावे लागतात. तिथे उभे राहतात सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील. ‘वरिष्ठ सरकारी वकील’ म्हणतात ते हे पद. (‘ज्येष्ठ वकील’ वेगळे, तो दर्जा उच्च न्यायालय देतं, त्याची इथे गरज नाही.) भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ नुसार किमान ७ वर्षांची वकिली लागते. जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून नावांचं पॅनल तयार करतात आणि त्यातून राज्य शासन नेमणूक करतं. ही कायमची नोकरी नव्हे, मुदतीची नेमणूक आहे. घराचे हप्ते चालू असतील त्यांनी हे लक्षात ठेवून अर्ज करावा.

नेमणुकीच्या आदेशात कॉपीराइट हा शब्द प्रत्यक्ष येऊ शकतो तो फक्त विशेष सरकारी वकिलाच्या बाबतीत. एखाद्या खटल्यासाठी किंवा एका प्रकारच्या खटल्यांसाठी शासन अशी नेमणूक करू शकतं. अट १० वर्षांच्या वकिलीची. याच्या जागा निघत नाहीत. मागणी बहुधा फिर्यादीकडून येते. तेवढी वर्षं भरली नसतील, तर न्यायालयाच्या परवानगीने पीडिताचा वकील म्हणून सरकार पक्षाला साहाय्य करता येतं. नवख्याने काम शिकायची खरी जागा ती.

नवी मुंबईकरांचा एक घोळ नेहमीचा. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पनवेल कोर्टातल्या कामासाठीचं पॅनल रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांचं. पत्त्यात नवी मुंबई आहे म्हणून अर्ज ठाण्यात दिला की तो नुसता फिरत राहतो.

कागदांत सनदेची प्रत, पदवी आणि गुणपत्रिका, आधार, पॅन, अधिवास, लागू असेल तर जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर, वकिलीच्या अनुभवाचा दाखला, आणि आपल्यावर फौजदारी किंवा शिस्तभंगाचं प्रकरण नसल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. लोक अडकतात ते दोन ठिकाणी. पहिलं नाव. लग्नाआधी सनद घेतलेल्या वकील भगिनींच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडला नाही तर छाननीत अडकणारच. दुसरं म्हणजे चालवलेल्या केसेसची यादी. "अनेक खटले चालवले" याला कोणी विचारत नाही. ई-कोर्टच्या वेबसाइटवरून प्रत्येक खटल्याचा १६ अक्षरी सीएनआर (ओळख) क्रमांक काढा. ठाण्याचा ‘एमएचटीएच’ने सुरू होतो. त्यापुढे कोर्ट, कलम, आपण कोणाकडून उभे होतो आणि निकाल, एवढं एका ओळीत लिहा. कॉपीराइटची दोनच प्रकरणं असली तरी ती वर घ्या.

मुलाखतीत या विषयावर प्रश्न आला तर कलमं पाठ म्हणून दाखवू नका. फाइल कशी वाचता ते सांगा. माझ्या हाती एकदा मोबाइल कव्हरांची फाइल आली होती. पंचनाम्यात ‘अंदाजे २०० नग, कार्टूनचे चित्र असलेले’. कुठलं चित्र, हे कुठेच नाही. मूळ चित्राची प्रतही जोडलेली नाही. फिर्याद देणाऱ्या प्रतिनिधीचं अधिकारपत्र झेरॉक्स, तेही मुदत संपलेलं. आरोपीच्या वकिलाने उलटतपासात एकच विचारलं, "नक्कल कशाची?" साक्षीदार गप्प.

त्यात एफआयआरमध्ये ट्रेडमार्क कायद्याचं कलमही लावलेलं. लावताना कोणाला फरक पडत नाही, चालवताना पडतो. कॉपीराइटमध्ये पीएसआय दर्जाचा अधिकारी कलम ६४ खाली माल जप्त करू शकतो. ट्रेडमार्कमध्ये कलम ११५ प्रमाणे उपअधीक्षक किंवा समकक्ष अधिकारी लागतो, शिवाय आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. ते मत फाइलमध्ये नसेल तर कोणत्या कलमावर उभं राहायचं हे पहिल्या तारखेआधीच ठरवावं लागतं.

"नोंदणीचं प्रमाणपत्र नाही, मग हक्क कसला?" हा युक्तिवादही हमखास येतो. कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही; कलाकृती निर्माण झाली की हक्क येतो. नोंदणी असेल तर कलम ४८ मुळे रजिस्टरमधली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, एवढाच तिचा फायदा. मूळ लेखक किंवा चित्रकार आणि फिर्यादी वेगळे असतील, तर हक्क हस्तांतराचा सही केलेला लेखी करार मागवा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षंच धरतो. कराराची तारीख आणि गुन्ह्याची तारीख शेजारी लिहून पाहा. मधली वर्षं पाचाहून जास्त निघाली, तर दोषारोपपत्र जाण्याआधीच तपास अधिकाऱ्याला फोन करा.