उंचीची पट्टी लावण्याआधी दहा मिनिटं काढून हे वाचा

पट्टीसोबत हे पत्रक आम्ही मुद्दाम देतो, कारण पट्टी लावून झाली की थोड्याच दिवसात बऱ्याच जणांचे फोन येतात आणि प्रश्न एकच असतो, मुलगा ७ वर्षांचा आहे, ११८ सेंमी भरला, बरोबर आहे ना? आमचं प्रामाणिक उत्तर असं की एका आकड्यावरून फार थोडं कळतं. सहा महिन्यांनी, वर्षाने परत मोजा, मग तोच आकडा बोलायला लागतो.

समजा दोन मुलं आहेत, दोघंही ८ वर्षांची, दोघंही आज १२० सेंमी. पहिला मागच्या वर्षी ११४.५ होता म्हणजे वर्षात साडेपाच सेंमी वाढला, चणीने लहान असेल पण वाढ व्यवस्थित चाललीय. दुसरा मागच्या वर्षी ११७.५ होता, म्हणजे वर्षात फक्त अडीच सेंमी. शेजारी शेजारी उभे केले तर दोघं सारखेच दिसणार, कोणालाच काही वाटणार नाही, पण या दुसऱ्या मुलाला डॉक्टरांकडे न्यायला हवं. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो की उंचीपेक्षा उंची वाढायचा वेग बघा.

हा वेग वयाप्रमाणे बदलतो. जन्मताना बाळ साधारण ५० सेंमी असतं, पहिल्या वर्षात ते तब्बल २५ सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षात १० ते १२, तिसऱ्यात ८ च्या आसपास, आणि ४ वर्षांचं होईपर्यंत साधारण १०० सेंमी म्हणजे जन्माच्या दुप्पट होतं. मग वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६ सेंमी अशी संथ वाढ चालते. वयात येताना परत जोर येतो, त्यातल्या सगळ्यात वेगाच्या वर्षात मुली ८-९ सेंमी आणि मुलगे ९-१० सेंमी वाढतात. मुलींचं हे आधी होतं, मुलग्यांचं साधारण दोन वर्षं उशिरा, त्यामुळे ११-१२ वर्षांच्या बहिणीपेक्षा तेवढ्याच वयाचा चुलत भाऊ बुटका दिसला तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंतच्या काळात वर्षाला ४ सेंमीपेक्षा कमी वाढ झाली तर मात्र थांबून बघत बसू नका.

आधी मोजणं नीट हवं

एका ताईंचा घाबरून फोन आला होता की तीन महिन्यांत मुलीची उंची दीड सेंमीने कमी झाली. चौकशी केली तर पहिल्यांदा सकाळी उठल्या उठल्या मोजली होती, केस वर बांधलेले होते, आणि दुसऱ्यांदा संध्याकाळी खेळून आल्यावर दुसऱ्याच कोणीतरी मोजली. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची एखादा सेंमी कमी भरते, हे सगळ्यांचंच होतं. म्हणून वेळ एकच ठेवा, मोजणारा माणूसही शक्यतो एकच.

पट्टी लावताना घरातल्या स्टीलच्या टेपने जमिनीपासून १०० सेंमी मोजा आणि आमच्या पट्टीवरचा १०० तिथेच येतोय का बघा, इथे चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं. भिंतीला खाली स्कर्टिंगची टाइल बाहेर आलेली असेल तर ती जागा घेऊ नका, टाचा भिंतीला टेकत नाहीत, त्यापेक्षा दाराच्या मागची सपाट बाजू बरी. बूट मोजे काढायचे, केसातल्या क्लिपा काढायच्या, टाचा, कुल्हे आणि खांदे मागे टेकवायचे, नजर सरळ समोर, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. हनुवटी वर करू देऊ नका, मुलं उंच दिसायला हमखास करतात. डोक्यावर सोबत दिलेला काटकोनी ठोकळा ठेवा, वही किंवा पुस्तक तिरकं होतं. तीनदा मोजून सरासरी लिहा. २ वर्षांखालच्या बाळाला उभं करून नाही, झोपवून मोजतात, आणि झोपवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त भरते, त्यामुळे पद्धत बदलली की वाढीच्या चार्टवरची रेष थोडी खाली आल्यासारखी वाटते.

दर आठवड्याला मोजायची हौस असली तरी त्यातून काही कळत नाही, कारण वाढ कमी आणि मोजण्यातली चूकच जास्त. सहा महिन्यांनी एकदा पुरे. फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या एका सरदाराने आपल्या मुलाची उंची १७५९ ते १७७७ अशी १८ वर्षं, साधारण सहा सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवली होती, आणि एकाच मुलाच्या वाढीची ती पहिली सलग नोंद मानतात, अजूनही अभ्यासात दाखवतात. घरच्या वहीतही अशी नोंद नक्की जमते.

चार्टवरच्या रेषा

जागतिक आरोग्य संघटनेचे ५ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीचे चार्ट २००६ साली आले, त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली निरोगी, अंगावर दूध पिणारी, नीट काळजी घेतलेली मुलं मोजली होती, आणि या वयात सगळीकडची मुलं बरीचशी सारखीच वाढतात असं दिसलं. चार्टवर ३ पासून ९७ पर्यंत रेषा असतात. ३ ची रेष म्हणजे १०० निरोगी मुलांतली ३ त्याच्याही खाली असतात, म्हणजे खालची रेष म्हणजे आजार असं नाही, तसंच ५० च्या रेषेवर असलं म्हणजे पास आणि १० वर असलं म्हणजे नापास असंही नाही. मूल आपल्या रेषेच्या बाजूने चालत असेल तर चांगलं, पण २ वर्षांनंतर ते रेषा ओलांडत खाली घसरायला लागलं तर कारण शोधायला हवं, भले अजून ते ३ च्या वर का असेना. पहिल्या दोन वर्षांत बाळं थोडी वरखाली होतात, तेव्हा ती आपापल्या घराण्याच्या रेषेवर जात असतात.

घराण्याचा अंदाज असा काढतात: आईवडिलांच्या उंचीची सरासरी घ्या, मुलगा असेल तर ६.५ सेंमी मिळवा, मुलगी असेल तर ६.५ वजा करा. वडील १७० आणि आई १५६ असेल तर सरासरी १६३, मुलाचा अंदाज १६९.५ आणि मुलीचा १५६.५, आणि त्याच्या दोन्हीकडे साधारण ८.५ सेंमीची मोकळीक धरायची. पण आईवडीलच लहानपणी आजारपणामुळे किंवा खायला कमी पडल्यामुळे खुंटलेले असतील तर हे गणित फसतं. म्हणून "आमच्या घरात सगळे बुटकेच" म्हणून सोडून देऊ नका, एकदा तरी विचारा.

वाढ का अडते

उंचीने लहान असलेल्या बऱ्याचशा मुलांना आजार नसतोच, एकतर घराणंच लहान चणीचं असतं किंवा मूल उशिरा वाढणारं असतं. ही उशिराची मुलं वयातही उशिरा येतात, बरेचदा वडिलांची मिसरूड किंवा आईची पाळीही उशिराच आलेली असते, आणि शेवटी ती घरच्यांच्या उंचीला पोचतात. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात तेव्हा ते खऱ्या वयापेक्षा मागे दिसतं, म्हणजे वाढायला अजून जागा शिल्लक आहे.

आजाराची शंका येते तेव्हा आम्ही एक गोष्ट लक्षात ठेवायला सांगतो, वजन आणि उंची एकत्र बघा. आधी वजन थांबलं आणि मग उंची मागे पडली तर खाणं पुरत नाहीये किंवा खाल्लेलं अंगी लागत नाहीये. सिलिअ‍ॅक आजारात गव्हासारख्या धान्यातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होतं, पोट फुगतं, जुलाब होतात, पण काही मुलांना जुलाब नसतातच, फक्त उंची खुंटते आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. किडनीचे, हृदयाचे, आतड्याचे जुनाट आजारही असेच गुपचूप वाढ खातात.

याउलट वजन ठीक किंवा जास्तच, मूल गुटगुटीत, पण उंची मात्र थांबलीय, तर हार्मोनकडे बघायला हवं. हे लोकांच्या लक्षात येत नाही कारण गुटगुटीत मूल सगळ्यांना आवडतं. नुसत्या खाण्याने लठ्ठ झालेली मुलं सहसा वयाच्या मानाने उंचच असतात, म्हणून लठ्ठ आणि बुटकं ही जोडी दिसली की तपासणी हवीच. थायरॉईड कमी असेल तर मूल सुस्त होतं, बद्धकोष्ठ होतं, कातडी कोरडी पडते, थंडी जास्त वाजते, आणि ही रक्ताची साधी टेस्ट आहे, औषध रोजची एक गोळी. ग्रोथ हार्मोनची कमतरता त्यापेक्षा क्वचित, अशी मुलं दिसायला वयाने लहान, चेहरा बाळासारखा. मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम असतो, साधारण २००० ते २५०० मुलींमागे एकीला, एक एक्स क्रोमोसोम (गुणसूत्र) नसतो किंवा अर्धवट असतो. काहींची मान रुंद असते, जन्मतः हातापायावर सूज असते, पण कित्येकींमध्ये कमी उंची हे एकच लक्षण दिसतं, म्हणून कारण न सापडलेल्या बुटक्या मुलीची क्रोमोसोमची टेस्ट करतात.

स्टिरॉइडची औषधं बरेच दिवस पोटात गेली तरी वाढ मंदावते. पण दम्याच्या पंपात स्टिरॉइड आहे म्हणून घाबरून तो बंद करू नका, पंपाचा फरक शेवटच्या उंचीत साधारण १ सेंमीचा, आणि आटोक्यात नसलेला दमा स्वतःच वाढ अडवतो. मुडदूस झाला तर पाय धनुष्यासारखे वाकतात, ते ड जीवनसत्त्व कमी पडल्याने होतं. घरात सतत धाक, मारहाण, दुर्लक्ष असेल तर त्यानेही मूल खुंटतं, आणि वातावरण बदललं की तेच मूल वाढायला लागतं.

आणखी एक उलटी गोष्ट. मुलीला ८ वर्षांच्या आत किंवा मुलग्याला ९ च्या आत वयात आल्याची लक्षणं दिसली तर मूल भराभर उंच होतं, घरचे खूश होतात, पण हाडांच्या टोकाच्या वाढीच्या चकत्या लवकर बंद होतात आणि शेवटी तेच मूल बुटकं राहतं. तसंच मुलीला १३ पर्यंत आणि मुलग्याला १४ पर्यंत काहीच बदल दिसला नाही तरी दाखवा.

उंची मंदावलीय आणि सोबत सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी होतेय, नजर कमी झालीय किंवा सारखी तहान आणि लघवी आहे, तर सहा महिन्यांनी मोजू म्हणून थांबायचं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्या आम्ही ठेवत नाही, कितीही मागणी आली तरी. लटकून, ताणून हाडं लांब होत नाहीत. आणि हाडांच्या वाढीच्या चकत्या बंद झाल्या की ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शनही उंची वाढवू शकत नाही, म्हणून तर वेळेत ओळखायचं.

डॉक्टरांकडे जाताना उंचीची वही न्या, प्रत्येक आकड्यापुढे पूर्ण तारीख असू द्या, जन्माचं वजन आणि बाळ किती आठवड्यांचं जन्मलं तेही लिहून न्या, आणि आईवडिलांची उंची सांगायची नाही, याच पट्टीवर मोजून न्यायची, कारण बहुतेक वडील स्वतःची उंची दोन सेंमी जास्तच सांगतात. जुने आकडे नसतील तर लसीकरणाचं कार्ड शोधा, त्यात पहिल्या वर्षातलं वजन लिहिलेलं सापडतं.