फाइल सेव्ह झाली, पण कुठे? एफसिंकच्या वादाची पार्श्वभूमी

२००९ च्या सुरुवातीला लिनक्स वापरणाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला, मशीन गोठले, शेवटी बटण दाबून रीस्टार्ट केले. पुन्हा लॉगिन करून पाहतात तो डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइल्स जागेवर होत्या, पण आत शून्य बाइट. नवा मजकूर नाही आणि जुनाही नाही. यावरून जो वाद पेटला त्याची मुळे बरीच जुनी आहेत.

पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क १९५६ ची. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे. तेव्हापासून डिस्क आणि मेमरी यांच्या वेगातली दरी काही बुजली नाही. म्हणून, ज्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या धर्तीवर लिनक्स बनले त्या युनिक्सने, प्रोग्रॅमने लिहिलेला डेटा आधी मेमरीतल्या बफरमध्ये ठेवायचा आणि साधारण दर ३० सेकंदांनी डिस्ककडे रेटायचा, अशी पद्धत पाडली. म्हणजे राइट कॉल (प्रोग्रॅमने केलेली ‘हे लिही’ ही मागणी) यशस्वी झाला याचा अर्थ कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, डेटा ताब्यात घेतला, एवढाच. पत्र पेटीत पडले होते, पोचले नव्हते. ज्याला खात्री हवी त्याच्यासाठी १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये एफसिंक हा वेगळा कॉल आला: या फाइलचे जे काही मेमरीत आहे ते डिस्कवर जाईपर्यंत मला थांबवून ठेव.

कागदावर प्रश्न तिथेच मिटला. प्रत्यक्षात एफसिंक महाग पडे, आणि बहुतेक प्रोग्रॅम ते न बोलावताच निभावून नेत.

२००१ मध्ये लिनक्समध्ये एक्स्ट-३ ही जर्नल (होणाऱ्या बदलांची नोंदवही) ठेवणारी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडणारी व्यवस्था, आली. तिच्या डीफॉल्ट ‘ऑर्डर्ड’ पद्धतीत जर्नल दर ५ सेकंदांनी पक्के होई, आणि त्याआधी संबंधित फाइल्सचा डेटा डिस्कवर उतरवला जाई. या क्रमाचा एक परिणाम असा, की एफसिंक न करताही फाइल बऱ्यापैकी सुरक्षित राहत असे. हे आश्वासन कुणी दिलेले नव्हते. पण सात वर्षे एखादी गोष्ट बिनबोभाट चालली की लोक तिच्यावर विसंबतात, आणि इथेही तेच झाले.

त्यात भर म्हणजे याच एक्स्ट-३ वर एफसिंक करणे म्हणजे शिक्षाच होती. एका छोट्या फाइलसाठी ते बोलावले तरी, ऑर्डर्ड पद्धतीमुळे, इतर फाइल्सचा साचलेला डेटाही आधी डिस्कवर उतरवावा लागे. २००८ मध्ये एका लोकप्रिय ब्राउझरने हिस्टरी आणि बुकमार्क छोट्या डेटाबेसमध्ये ठेवायला सुरुवात केली. तो डेटाबेस इमानेइतबारे एफसिंक करी, आणि मागे एखादी मोठी फाइल कॉपी होत असली की ब्राउझर काही सेकंद थिजून जाई. बोंबाबोंब झाली. प्रोग्रॅमरांनी त्यातून घेतलेला धडा सरळ होता: एफसिंकच्या वाटेला जाऊ नका.

नेमके त्याच वर्षी, डिसेंबर २००८ मध्ये, एक्स्ट-३ ची पुढची पिढी एक्स्ट-४ स्थिर म्हणून जाहीर झाली. तिच्यात ‘डिलेड अॅलोकेशन’ होते. डेटासाठी डिस्कवरचे ब्लॉक, म्हणजे जागेचे तुकडे, लगेच न नेमता शक्य तितके लांबवायचे. फायदे खरे होते. मोठी फाइल सलग जागेत बसते, आणि निर्माण होऊन लगेच पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइल्स डिस्कपर्यंत जातच नाहीत.

अडचण कशी येई ते पाहा. सेटिंग बदलली की प्रोग्रॅम नव्या नावाने फाइल लिहितो, बंद करतो आणि रिनेम करून जुनीच्या जागी बसवतो. रिनेम ही मेटाडेटाची, म्हणजे नाव-लांबी अशा फाइलविषयीच्या माहितीची गोष्ट, त्यामुळे ती ५ सेकंदांत जर्नलमध्ये पक्की. फाइलच्या आतल्या डेटाला मात्र अजून ब्लॉकच मिळालेले नाहीत. त्याची पाळी ३० सेकंदांनी किंवा आणखी उशिरा. मधल्या वेळात वीज गेली तर नाव नवे, लांबी शून्य, आणि जुनी फाइल तर रिनेमनेच घालवलेली.

फाइल सिस्टिम सांभाळणाऱ्यांचे म्हणणे असे, की युनिक्ससारख्या सिस्टिम्सनी कसे वागावे हे ठरवणारे पॉसिक्स मानक स्पष्ट आहे. एफसिंक केले नाही तर डेटा टिकेल असे कुणी म्हटले होते? शेकडो बारीक फाइल्स सारख्या खरडणारे डेस्कटॉपच चुकीचे बांधलेत, त्यांनी डेटाबेस वापरावा. समोरच्यांचे, म्हणजे डेस्कटॉपचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे, उत्तर मला अधिक पटते. नवा मजकूर याच क्षणी डिस्कवर हवा, असा त्यांचा आग्रहच नव्हता. अपघात झाला तर जुना चालेल, नवा चालेल, दोन्ही नाहीत असे नको. त्यांना क्रम हवा होता, घाई नको होती. आणि फक्त क्रम मागण्याची सोय मानकात नव्हती. हार्ड डिस्क फिरवायला लावणारा, लॅपटॉपची बॅटरी खाणारा एफसिंक हा एकच पर्याय हातात द्यायचा आणि वर तो वापरत नाही म्हणून रागवायचे, हे जरा अतीच झाले.

निर्णय शेवटी व्यवहाराच्या बाजूने लागला. कर्नल २.६.३० मध्ये एक्स्ट-४ ला शिकवले गेले, की जुन्या फाइलच्या डोक्यावर रिनेम होताना, किंवा फाइल शून्यावर आणून पुन्हा लिहिली जाताना, डेटाला लगेच ब्लॉक नेमून तो डिस्कच्या वाटेला लावायचा. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी माउंट करताना, म्हणजे फाइल सिस्टिम वापरासाठी जोडताना, ते बंद करण्याचा पर्यायही ठेवला. मानक तसेच राहिले. एका फाइल सिस्टिमने चांगुलपणा म्हणून दिलेली ही सवलत आहे, दुसरीने ती द्यावी असे बंधन नाही.

डिस्कच्या पोटात स्वतःची कॅश (तात्पुरती मेमरी) असते हा आणखी एक थर. मॅकवर साधा एफसिंक डेटा डिस्ककडे सोपवतो, पण तिची कॅश रिकामी करायला लावत नाही. त्यासाठी एफ-फुलएफसिंक हा वेगळा आदेश आहे.

वादाचा दुसरा अंक २०१८ चा, आणि यात एफसिंक नेमाने करणारेच सापडले. लिनक्सवर लिहिताना स्टोरेजने त्रुटी दिली तर एफसिंक अपयश कळवी, पण मेमरीतली ती पाने (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) ‘लिहून झाली’ अशी खूण होऊन मोकळी होत. पोस्टग्रेस डेटाबेस पुन्हा एफसिंक करी, या खेपेस यश मिळे, आणि डेटा डिस्कवर नाही हे कुणाच्याच लक्षात येत नसे. कर्नलवाल्यांचे कारण बिनबुडाचे नव्हते: कुणी पेन ड्राइव्ह उपटून नेला, तर कधीच न लिहिता येणारी पाने किती काळ सांभाळायची? पण फ्रीबीएसडी ही बीएसडीच्या वंशातली ऑपरेटिंग सिस्टिम अशी पाने ‘अजून लिहायची आहेत’ म्हणूनच ठेवी, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हताच असे म्हणता येत नाही.

इथे मात्र माघार डेटाबेसने घेतली. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून एफसिंक एकदा जरी फसला तरी पोस्टग्रेस मुद्दाम कोसळते आणि आपल्या लॉगमधून, म्हणजे बदलांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदीतून, सगळे पुन्हा उभे करते. आणखी काही डेटाबेसनीही तीच वाट धरली.

२०२४ च्या ६.११ कर्नलमध्ये ठरावीक आकाराचा मजकूर ‘एक तर पूर्ण लिही, नाही तर लिहूच नको’ असे थेट डिस्कला सांगण्याची सोय आली, अर्थात डिस्क तशी असेल तर. एक्स्ट-४ ला ती पुढे ६.१३ मध्ये मिळाली. संपूर्ण फाइल बदलायची असेल तर अजूनही नवी लिहा, एफसिंक करा, रिनेम करा आणि मग फोल्डरवरही एफसिंक करा, हाच क्रम आहे.