दुसरा सिलिंडर असतो, मग दुसरी प्रत का नसते?

गॅसचा एक सिलिंडर संपायच्या आत दुसरा भरलेला घरात हवा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. महिना-दीड महिन्याने सिलिंडर संपतोच, आणि एकदा अर्धवट शिजलेल्या भातासकट शेजारी धावावं लागलं की धडा कायमचा मिळतो. त्याच घरातल्या लॅपटॉपवर पंधरा वर्षांचे फोटो असतात, घराच्या करारनाम्याचे स्कॅन असतात, आजीच्या आवाजातल्या ओव्या असतात. या सगळ्याची प्रत मात्र एकच. लोक याला आळस म्हणतात, पण ते पटत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आठवणीने पाणी घालणारा, विम्याचा हप्ता कधी न चुकवणारा माणूसही बॅकअप घेत नाही. तेव्हा कारण त्या कामाच्या स्वभावातच शोधायला हवं.

माणूस धोका दोन प्रकारे ओळखतो: कुणी सांगितल्यावर आणि स्वतः अनुभवून. राल्फ हर्टविग, ग्रेग बॅरन, एल्के वेबर आणि इडो एरेव्ह या संशोधकांनी २००४ साली हे दोन मार्ग प्रयोगात शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. काही जणांना शक्यतांचे आकडे लिहून दिले, काहींना संगणकावरची बटणं पुन्हा पुन्हा दाबून काय मिळतं ते स्वतःच ताडायला सांगितलं. आकडे वाचणाऱ्यांनी क्वचित घडणाऱ्या गोष्टीला हवं त्याहून जास्त वजन दिलं. बटणं दाबणाऱ्यांनी तिला जवळजवळ हिशेबातच धरलं नाही, कारण थोड्याशा प्रयत्नांत ती गोष्ट बहुतेकांच्या वाट्याला आलीच नव्हती.

हार्ड डिस्कचं नेमकं असंच होतं. ऑनलाइन साठवणुकीचा व्यवसाय करणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कपैकी किती बिघडल्या याचे आकडे नियमित जाहीर करते. गेल्या काही वर्षांत हे प्रमाण वर्षाला साधारण दीड टक्क्याच्या आसपास राहिलं आहे. म्हणजे बॅकअप न घेणाऱ्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव जणांना डिस्क दर वर्षी एकच गोष्ट शिकवते: काही झालं नाही. पण दीड टक्का पाच वर्षं धरला तर तो सव्वासात टक्क्यांच्या वर जातो. चाळीस घरांच्या सोसायटीत घरटी एक संगणक असेल, तर पाच वर्षांत साधारण तीन घरांतली डिस्क जाणार. शिवाय हे आकडे थंड खोलीत, स्थिर विजेवर, जागचं न हलता चालणाऱ्या डिस्कचे आहेत. घरची डिस्क लॅपटॉपच्या पिशवीतून लोकलच्या गर्दीत फिरते, तिच्यावर चहा सांडतो, लॅपटॉप चोरीला जातो, आणि चुकून डिलीट झालेली फाइल तर कुठल्याच आकड्यात नाही.

हे आपल्या बाबतीत होणार नाही, असंही प्रत्येकाला वाटत असतं. मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी १९८० साली अडीचशेहून जास्त विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या ४२ बऱ्यावाईट घटना दिल्या आणि इतरांच्या तुलनेत त्या तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता किती, असं विचारलं. वाईट गोष्टी आपल्याकडे सरासरीपेक्षा कमी आणि चांगल्या जास्त येतील, असं उत्तर एकूणात आलं. सगळेच सरासरीपेक्षा नशीबवान असू शकत नाहीत.

तरीही डिस्कने आधी काही खूण दिली असती, तर माणूस सावध झाला असता. लोणचं बिघडताना वरती बुरशी धरते, टायरची नक्षी झिजलेली दिसते. डिस्कच्या आत काय चाललंय ते पाहा: चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर धरा, म्हणजे ही फट किती बारीक ते कळेल. एका धक्क्याने हेड चकतीला घासलं की पृष्ठभाग खरवडतो, त्याचा चुरा पुढे आणखी खरवडत जातो, आणि बाहेर ऐकू येतो फक्त टक-टक आवाज. असा आवाज आला की मशीन ताबडतोब बंद करायचं. ‘चालू होतंय का बघू’ म्हणून दहा वेळा सुरू केलं तर जे वाचू शकलं असतं तेही जातं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते खरी, पण गूगलने २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बिघडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी अशी कुठलीच पूर्वसूचना दिलेली नव्हती. एसएसडीला, म्हणजे चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, हलणारे भाग नाहीत, ती धक्का चांगला सोसते, पण जाते तेव्हा बहुधा एका क्षणात जाते. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. फाइल डिलीट झाली की ट्रिम नावाच्या सोयीमुळे डिस्क ती जागा लगेच मोकळी करायला घेते. जुन्या हार्ड डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअरने जे परत मिळायचं, ते एसएसडीवर बहुतेक वेळा मिळत नाही.

बॅकअप न घेणाऱ्यांपेक्षा जास्त काळजी मात्र अशांची वाटते, ज्यांना आपला बॅकअप आहे असं वाटतं.

आपल्याकडे संगणक जुळवून देणारा दुकानदार हमखास सांगतो, ‘महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हवर ठेवा, विंडोज उडालं तरी डेटा राहील.’ विंडोज नव्याने टाकण्यापुरतं ते खरं आहे. पण सी आणि डी ही बहुतेक घरगुती मशीनमध्ये एकाच डिस्कची दोन नावं असतात. एकाच कपाटाच्या दोन खणांत सोनं ठेवण्यासारखं आहे ते, कपाट गेलं की दोन्ही खण गेले. खात्री करायची असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी आणि डी एकाच ‘डिस्क ०’ च्या ओळीत दिसले, तर प्रत एकच आहे.

दुसरा गैरसमज क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणुकीचा. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड यांचं मुख्य काम सिंक करण्याचं आहे, म्हणजे सगळीकडे सारखं ठेवण्याचं. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. कचऱ्याच्या डब्यात ते काही दिवस राहतं (गूगल ड्राइव्हवर आणि घरगुती वनड्राइव्हवर ३०), नंतर कायमचं जातं. मुलाने जूनमध्ये चुकून उडवलेलं फोल्डर दिवाळीत शोधायला गेलात तर ते नसतं. त्यातून गूगलची फुकट जागा १५ जीबी आणि वनड्राइव्हची ५ जीबी. ती भरली की सिंक थांबतं, कोपऱ्यात एक छोटी सूचना येते, आणि तिच्यावरचं फुलीचं चिन्ह दाबायची सवय सगळ्यांना लागलेली असते.

सारखं ठेवणं आणि जपून ठेवणं यांतला फरक न्हावा शेवाच्या बंदराने सोसला आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि जेएनपीटीतलं, म्हणजे याच बंदरातलं, त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते सतत एकमेकांशी सिंक होत. एक गेला तर बाकीचे आहेत, असा भरवसा होता. व्हायरसने ते जवळजवळ सगळे एकाच वेळी पुसले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ला झाला तेव्हा तिथली वीज गेल्यामुळे तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्याच्यातली माहिती हातोहात विमानाने इंग्लंडला न्यावी लागली. मग कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले. दीडशे जोडलेल्या प्रतींपेक्षा एक तुटलेली प्रत कामाला आली.

घरी हे कसं करायचं? पहिला अडथळा फार साधा आहे आणि बहुतेक जण तिथेच अडतात: ‘आधी सगळे फोटो नीट लावून घेऊ, मग बॅकअप घेऊ.’ तो रविवार उजाडत नाही. काहीही आवरू नका, पसारा आहे तसाच उचला. एकच फोटो चार वेळा आला तरी डिस्कला जड नाही. सी ड्राइव्हवरच्या ‘यूजर्स’मधल्या आपल्या नावाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, डी ड्राइव्हवरच्या कामाच्या फोल्डरांचा आकार त्यात मिळवा आणि बेरजेच्या किमान दुप्पट क्षमतेची बाहेरची हार्ड डिस्क घ्या. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नव्हे, मोजायची पद्धत वेगळी आहे. निळ्या यूएसबी खाचेत लावली तर २०० जीबीची पहिली प्रत मोठ्या फाइलींसाठी पाऊण तासात होते, हजारो बारीक फाइली असतील तर रात्रभर राहू द्या. पेनड्राइव्हवर भरवसा नको, तो देवाणघेवाणीसाठी असतो.

प्रत रोज हाताने काढायची ठरवलीत तर ती तीन आठवड्यांत बंद पडेल. माणूस आहे तसं चालू ठेवतो. एरिक जॉनसन आणि डॅनियल गोल्डस्टाइन यांनी २००३ साली अवयवदानाची संमती देशोदेशी पाहिली. जर्मनीत संमती स्वतःहून नोंदवावी लागे, तिथे ती १२ टक्के होती. शेजारच्या ऑस्ट्रियात नको असेल तर कळवावं लागे, तिथे ९९.९८ टक्के. म्हणून एकदाच बसून बॅकअपलाही ‘आपोआप चालू’ अवस्थेत आणा. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, सिस्टिम अँड सिक्युरिटी, मग फाइल हिस्टरी. डिस्क लावून ‘टर्न ऑन’ दाबलं की दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी आवृत्ती आपोआप साठते आणि जुनीही राहते, त्यामुळे बिघडवलेली फाइल बिघडण्याआधीच्या रूपात परत मिळते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये आवृत्त्या ‘फॉरेव्हर’ ठेवायचं ठरलेलं असतं. डिस्क लहान असेल तर ते ‘जागा लागेपर्यंत’ असं करा, नाहीतर एके दिवशी ती भरून गप्प बसेल. अ‍ॅपलच्या मशीनवर हेच काम टाइम मशीन करतं.

इथे एक हमखास होणारी चूक सांगायला हवी. फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरलेलीच फोल्डरं घेते. दुकानदाराच्या सल्ल्याने डी ड्राइव्हवर ठेवलेलं काहीच त्यात येत नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक, (विंडोज ११ असेल तर) ‘शो मोअर ऑप्शन्स’, ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ असं केलं की ते यादीत येतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा डेटा नेमका कुठे साठतो ते त्याच्या सेटिंगमध्ये पाहून तेही फोल्डर याच पद्धतीने जोडा.

कायम जोडलेली ही डिस्क खंडणी मागणारा व्हायरस आला तर संगणकाबरोबरच कुलूपबंद होईल. म्हणून एक दुसरी डिस्क हवी, जी एरवी सुटी असते. ती आपोआप चालत नाही, तिला आठवणीचा आधार लागतो, आणि ‘वेळ मिळेल तेव्हा’ ही आठवण नव्हे. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून असं दिसतं, की ‘अमुक झालं की तमुक करेन’ असं ठरवलेलं काम नुसत्या इच्छेपेक्षा बरंच जास्त वेळा पार पडतं. लाइट बिल भरलं की दुसरी डिस्क लावायची, प्रत काढायची, काढून ठेवायची. एवढं पुरे.

ती ठेवायची कुठे, यावर मात्र थोडा विचार करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं. अशा वेळी तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क दोन्ही एकदमच जातात. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ नियम याचसाठी आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. बहिणीच्या घरी, ऑफिसच्या खणात, किंवा गणपतीला गावी जाताना नेऊन तिथल्या वरच्या मजल्यावर ठेवली तरी चालेल. झिपच्या पिशवीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह. डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवणार असाल तर विंडोजमधल्या बिटलॉकरसारखं पासवर्डचं कुलूप लावा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा. ती लॅपटॉपवरच्याच फाइलमध्ये ठेवली, तर लॅपटॉप गेल्यावर आणि पासवर्डही आठवत नसेल तेव्हा डिस्क असून उघडणार नाही.

राहिली तपासणी. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐनवेळी एकही धड कामाची निघाली नाही. एक तर सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे रोज अयशस्वी होत होती आणि तसं कळवणाऱ्या ईमेल पोचतच नव्हत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत सापडली, तिच्यावर निभावलं.

म्हणून तीन महिन्यांतून एकदा बॅकअपची डिस्क दुसऱ्याच कुणाच्या तरी संगणकाला लावा. एक जुना फोटो, एक व्हिडिओ, एक एक्सेल, एक पीडीएफ आणि गेल्या आठवड्यातली एक फाइल उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नका. मराठीत लिहिणाऱ्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची एखादी वर्ड फाइलही जरूर उघडावी. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा होऊन समोर येतो. फाइल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही. त्यासाठी जुन्या मशीनच्या सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर पूर्णच्या पूर्ण बॅकअपमध्ये घ्या. आणि ते मशीन अजून चालू आहे तोवर, महत्त्वाच्या फाइलींची त्याच्यावरच पीडीएफ करून ठेवा.